सात लिहिली, आठ होती

“मान वर!” असं म्हणून भाऊ समोरच्याच्या हनुवटीखाली दोन बोटं धरायचे आणि हळूच वर उचलायचे. कुत्र्याच्या तर धरायचेच, पण दवाखान्यात शेळी घेऊन आलेल्या म्हातारीच्या नातीच्याही धरायचे, आणि एकदा तर आमच्या डॉक्टरसाहेबांच्याही धरली. साहेब पेपर वाचत होते. भाऊंच्या मनात काही नव्हतं हो, हाताची सवय. पण साहेब आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

मी तेव्हा जळगावला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात होतो. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. हुद्दा व्रणोपचारक, पण ते म्हणताना जीभ अडखळते म्हणून लोक कंपाउंडरच म्हणायचे. आमच्याकडे येणार कोण? खांदा सुजलेला बैल, दूध आटलेली म्हैस, उकिरड्यावरचं काहीबाही खाऊन पोट फुगलेली शेळी. अशा गर्दीत एक किडकिडीत माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, कागदपत्रांची फाइल काखेत धरून, एका अल्सेशियन कुत्रीला घेऊन रांगेत उभा राहायचा. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता. आम्ही तर पोट धरून हसायचो.

भाऊ पाटबंधारे खात्यात आरेखक होते. दिवसभर कालव्यांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी मेहरूणला घरी जाऊन कुत्री मोजायचे. मोजायचे म्हणजे खरोखर मोजायचे. पुस्तकातल्या आदर्श अल्सेशियनचं चित्र त्यांनी ट्रेसिंग पेपरवर उतरवलं होतं. डायनाचा फोटो तेवढाच मोठा करून आणला आणि वर तो कागद ठेवून बघायचे, पाठीचा उतार कुठे जुळतो, कुठे चुकतो. डायना पुण्याहून आणलेली. तिच्या कागदावर तिच्या तीन पिढ्या लिहिलेल्या होत्या. भाऊंना स्वतःच्या पणज्याचं नाव सांगता आलं नसतं, पण डायनाच्या पणज्याचं तोंडपाठ!

सकाळी मेहरूण तलावाच्या रस्त्यावर तिला घेऊन निघाले की एखादा दूधवाला हटकायचाच. “भाऊ, हाई कुत्रं शे का लांडगा शे?”

भाऊ गंभीरपणे थांबायचे. “अल्सेशियन शे,” म्हणायचे, आणि तिचा मागचा पाय नेमका कुठे ठेवून तिला उभी करायची हे त्या दूधवाल्याला पाच मिनिटं समजावून सांगायचे. बिचाऱ्याचं दूध नासायची वेळ यायची.

वहिनी म्हणायच्या, “आमच्या लग्नाच्या फोटोत मी मान खाली घालून बसलेय बघा. तेव्हा नाही सुचलं यांना, मान वर म्हणायचं.”

या सगळ्यामागे भाऊंची एक इच्छा होती. कुत्री पाळणं वेगळं आणि त्यांची पैदास करून प्रदर्शनात उतरवणं वेगळं. त्यासाठी कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या मुंबईच्या संस्थेकडे आपल्या घराण्याचं नाव नोंदवावं लागतं, आणि आपल्या घरी जन्मलेलं प्रत्येक पिल्लू ते नाव लावतं. भाऊंनी ‘मेहरूण’ हे नाव नोंदवलं होतं. “मुंबईच्या मैदानात कर्ण्यावरून मेहरूणचं नाव पुकारलं पाहिजे. बस, मग मी मोकळा,” ते म्हणायचे. खानदेशात तोवर असलं खूळ कुणी केलं नव्हतं. आम्ही हसत होतो, पण आतून वाटायचं, पुकारलं जावं बुवा.

थंडीच्या दिवसांत डायना व्याली. आठ पिल्लं. सात काळी-तांबडी आणि आठवं पांढरं. कापसाच्या बोंडासारखं पांढरं.

पाचव्या दिवशी मला जेवायचं बोलावणं. गेलो तर घरात पाचवी मांडलेली! पाटावर सटवाई, दिवा, आणि सटवाईने नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन. “बाळंतीण घरात आहे आणि पाचवी नको?” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या धुळ्याला दिलेल्या लेकीच्या बाळंतपणातही त्यांनी एवढा थाट केला नसेल. कोरा कागद म्हणून वहिनींनी काय ठेवला होता? पिल्लांच्या नोंदणीचा मुंबईहून आलेला फॉर्म! त्यावर कुंकवाच्या आठ टिकल्याही लावलेल्या. भाऊ कपाळाला हात लावून बसले. मग वहिनींनी एकेक पिल्लू उचलून त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. काळ्या केसांत ते दिसेना. पांढऱ्याच्या कपाळावर मात्र ठसठशीत उठून दिसलं. आम्ही सगळे हसलो. मी पुरणपोळ्या किती खाल्ल्या ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ दवाखान्यात आले. साहेब दौऱ्यावर होते. भाऊंच्या हातात कापडी पिशवी होती आणि तोंडावर रक्त म्हणून नव्हतं.

त्यांनी पोस्टातून मुंबईला ट्रंककॉल केला होता, या क्षेत्रातल्या एका बुजुर्गाला. पांढरं पिल्लू झालंय, काय करू? तो म्हणाला, अल्सेशियनमध्ये पांढरा रंग म्हणजे खोट. ठेवू नका आणि कुणाला देऊही नका. उद्या ते मोठं होऊन रस्त्यात हिंडेल आणि लोक म्हणतील, हे मेहरूणचं. पहिल्याच वेतात नाव जाईल. फॉर्मवर सात लिहा.

“सगळे असंच करतात म्हणे,” भाऊ म्हणाले. पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली आणि दाराकडे जाऊन पाठमोरे उभे राहिले. “तुझ्याकडे इंजेक्शन असतं ना? झालं की सांग.”

मी पिशवी उघडली. पिल्लाचे डोळे अजून उघडले नव्हते. कपाळावर वहिनींनी लावलेलं कुंकू तसंच होतं.

मला असा संताप आला म्हणून सांगू! कुंकू लावलेलं लेकरू घेऊन आलास, निदान ते पुसून तरी आणायचंस. पिल्लू मी मागच्या खोलीत नेलं, टोपलीत ठेवलं, वर पोतं टाकलं. पाच मिनिटं नळ सोडून उभा राहिलो. मग बाहेर येऊन म्हणालो, “झालं.”

भाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. रिकामी पिशवीही नेली नाही.

त्याच पिशवीतून संध्याकाळच्या एसटीने मी ते पिल्लू चोपड्याला आत्याच्या केळीच्या बागेत पोहोचवलं. “हाई कथाईन लई उना रे?” कुठून आणलंस ते आत्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता शेळीच्या दुधात कापसाचा बोळा बुडवला. नाव ठेवलं कापश्या.

आता खरं सांगतो. भाऊंना ते तेव्हाच सांगता आलं असतं. नाव जाईल अशी भीती होती, तर शपथ घालून सांगता आलं असतं. पण मी मुद्दाम सांगितलं नाही. चार दिवस जळू दे याला, म्हटलं. माझ्या रागाचं वय चारच दिवस होतं, पण तेवढ्यात भाऊंचा चेहरा असा झाला की सांगायची लाज वाटायला लागली. आधी का नाही बोललास, असं विचारतील. मग महिना गेला. मग वर्ष गेलं. तुमच्याकडेही असं एखादं वाक्य राहून गेलेलं असेल, तर मी काय म्हणतो ते तुम्हाला कळेल.

भाऊंनी मुंबईहून दुसरा फॉर्म मागवला आणि त्यावर सात लिहिली. टिकल्यांचा फॉर्म फाइलमध्ये गेला. वहिनींना सांगितलं, थंडीने गेलं. वहिनींनी पुढे काही विचारलं नाही. डायना मात्र कितीतरी दिवस पिशव्या हुंगत फिरायची. भाजीची असो, दप्तराची असो, पिशवी दिसली की आत तोंड घालायची. भाऊंनी घरातल्या सगळ्या कापडी पिशव्या माळ्यावर टाकल्या आणि भाजी तारेच्या टोपलीतून आणायला लागले.

त्या सातांतला एक नर भाऊंनी तयार केला. राजा. दोन हिवाळ्यांनंतर मुंबईच्या मैदानात तो पहिला आला. मी बरोबर होतो. परीक्षकाने राजाच्या हनुवटीखाली दोन बोटं धरून मान वर उचलली, अगदी भाऊंसारखी, आणि कर्ण्यावरून आवाज आला, “मेहरूणचा राजा!” मी वेड्यासारख्या टाळ्या पिटत होतो. तो ट्रंककॉलवाला बुजुर्ग पुढे आला, भाऊंच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “सात पिल्लांत असा नर! नशीबवान आहात.”

“आठ,” भाऊ म्हणाले.

बुजुर्ग हसला आणि दुसऱ्या कुत्र्याकडे वळला.

परतीची गाडी दिवसाची होती. राजा गार्डच्या डब्यात. भाऊ दर स्टेशनला उतरून त्याला बघून यायचे. मनमाड सुटल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “त्याला त्रास झाला का रे?”

तोंडाशी आलं होतं. भाऊ, तो कमरेएवढा झालाय, बागेतली माकडं हाकलतो. आत्या म्हणते, ‘बठ्ठा वांदरं पळी जातस त्याले देखीसन.’ पण ज्या दिवशी माणसाची आयुष्यभराची इच्छा पुरी झाली, त्या दिवशी त्याला काय सांगायचं, की तुला दोन वर्षं उगाच जाळलं? “नाही,” मी म्हणालो. “काहीच कळलं नाही त्याला.”

भाऊंनी मान हलवली. चाळीसगावला राजाला बघायला उतरायचं मात्र विसरले.

त्यानंतर त्यांनी एकही वेत होऊ दिलं नाही. मुंबईहून पत्रं यायची, ती फोडायचे नाहीत. घराण्याचं नाव मिळवायला एवढी धडपड केली आणि ते नाव एका वेतातच संपवलं.

पुढच्या पावसाळ्यात कापश्याला बागेत साप चावला. आत्याचा निरोप आला तेव्हा मी दवाखान्यातच होतो, त्याच टेबलापाशी. चोपड्याला जाऊन त्याला बांधावर पुरलं आणि तडक मेहरूण गाठलं. भाऊ ओट्यावर बसले होते. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. टोपली, पोतं, नळ, आत्या, कापश्या, साप. माझा राग आणि माझा नालायकपणा, सगळं. रडलोसुद्धा.

भाऊंनी आत जाऊन फाइल आणली, टिकल्यांचा तो फॉर्म काढून बघत बसले.

“फोटो आहे?”

फोटो कोण काढतो हो शेतातल्या कुत्र्याचा? “चला चोपड्याला,” मी म्हणालो. “आत्याला विचारा.”

“आत्या तुझीच ना?” ते हसले. हसले ते वाईट. “चांगला माणूस आहेस तू. माझ्यासाठी एवढं रचलंस. पण गाडीत म्हणाला होतास ना, त्रास झाला नाही? तेव्हा जसा आवाज होता तुझा, तसाच आत्ता आहे.”

गाडीत मी खोटं बोललो होतो हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. म्हणजे त्या दिवसापासून हा माणूस मनातल्या मनात ते पिल्लू तडफडताना बघत होता.

डायना गेली, राजा गेला. निवृत्तीनंतर लेकीने त्यांना धुळ्याला नेलं, देवपुरात. नव्वदची वर्षंही सरत आली होती. भाऊ खचले असं कळलं म्हणून भेटायला गेलो. कॉटवर बसले होते. मला ओळखलं की नाही कोण जाणे. वहिनी म्हणाल्या, “बसा. आता तुम्हीच बघा.”

थोड्या वेळाने भाऊ कॉटवरून खाली वाकले. दोन बोटं पुढे केली आणि हळूच वर उचलली. “मान वर,” म्हणाले. जमिनीपासून ती बोटं वीतभरही वर नव्हती.

कापश्या माझ्या कमरेला लागायचा. उड्या मारून तोंड चाटायचा. इथे तो सहा दिवसांचाच राहिला होता.

“रोज असंच,” वहिनी म्हणाल्या. “कुंकू ओलं आहे म्हणतात, पुसू नका म्हणतात.”

माझ्याच्याने राहवेना. मी खाली बसलो, त्यांचा हात धरला. “भाऊ, मी आहे, दवाखान्यातला. नाही मारलं मी त्याला. आईशप्पथ नाही मारलं.”

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. या वेळी ओळखलं. हात सोडवून घेतला, सावकाश भिंतीकडे तोंड केलं आणि पाठमोरे बसून राहिले.

“झालं की सांग,” म्हणाले.