खटक्याचं दार

“ओचा सोडून दाखव,” दिवाणजी म्हणाला.

खुर्चीतून उठलासुद्धा नाही. टेबलाच्या कडेला एक काळं बटण होतं. त्या बटणावर बोट ठेवून तो बसला होता. दाबत नव्हता. नुसतं बोट ठेवलं होतं.

मी दाराला खांदा टेकून उभी. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात काच. काचेपलीकडं अंगण, अंगणात कडुलिंब, लिंबाच्या फांदीला माझ्या जुन्या लुगड्याची झोळी. झोळीत माझं पोरगं, नुकतं बसायला शिकलेलं. सकाळी झोळी बांधली तेव्हा तिच्यावर गच्च सावली होती. आता सावली सरकली होती. सोलापूरचं ऊन, त्यात वैशाखातलं. झोळी अर्धी उन्हात आली होती. काचेतून रडणं नीट ऐकू येत नव्हतं. झोळी हिसके खाताना दिसत होती.

“साहेब, बटन दाबा की. पोरगं उनात पडलंय.”

“आधी ओचा.”

ही एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. सोलापुरात एका सुताच्या व्यापाऱ्यानं नवी पेढी बांधली होती. पुढं बैठक, मागं सुताचं गोदाम, सगळ्या कारभारावर दिवाणजी. शेटजी मुंबईला जाऊन आले आणि येताना विजेची कुलपं घेऊन आले. तसली कुलपं आमच्या गावात तोवर कुणी पाहिली नव्हती. बसवायचं काम रहीमचाचाकडं आलं. रहीमचाचा म्हणजे वायरमन, केस पांढरे झालेला, अख्खं आयुष्य शिडीवर काढलेला माणूस. मी त्याच्या हाताखाली बिगारी काम करायची.

वायरमनच्या हाताखाली बाई काय करते? भिंतीत झिरी मारते. छिन्नी-हातोड्यानं भिंत खोदत जायचं, त्या खोबणीत लोखंडी पाइप बसवायचे, पाइपातून तार ओढायची. चाचा एका टोकाला तार सारायचा, मी दुसऱ्या टोकाला ओढायची. ओढून ओढून तळहात सोलून निघायचे. सिमेंटची धूळ नाकात, डोळ्यांत. दुपारी पोराला पाजायला घ्यायचं तर आधी छाती धुवावी लागायची. पाणी मागायला गेलं की पेढीवरचा गडी वरून ओतायचा, लांबून. कुठल्या वस्तीतली, हे त्यानं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

चाचानं मला ते कुलूप समजावून सांगितलं होतं. लोखंडी डबीसारखं, दाराच्या चौकटीत बसायचं. दार लागलं की दाराची जीभ त्या डबीत अडकायची. टेबलावरचं बटण दाबलं की डबीत वीज यायची, घर्रर्र असा आवाज व्हायचा, डबी सैल पडायची आणि दार ढकललं की उघडायचं. बोट काढलं की परत पक्कं. चाचा त्याला खटका म्हणायचा. मीही खटकाच म्हणायला लागले.

आतल्या बाजूनं मूठ फिरवून दार उघडावं, अशी सोय त्या कुलपात होती. शेटजींनी ती काढून टाकायला लावली. “हमाल सूत पळवतात. आत यायला बटण, बाहेर जायलाही बटण.” चाचानं मूठ काढली, तिथं पत्रा ठोकला. मी पत्रा धरला होता.

तर त्या दिवशी. गोदामाच्या दाराची जोडणी सकाळी पुरी झाली. चाचानं बटण दाबून बघितलं. घर्रर्र. दार उघडलं. शेटजींनी पेढा वाटला. मला कागदावर ठेवून दिला. दुपार झाली. माझ्या छातीत दूध दाटून आलं तेव्हा कळलं, पोराची वेळ झाली. मी दाराकडं गेले आणि दिवाणजीला म्हणाले, बटन दाबा.

तो म्हणाला, “तांब्याची तार कमी भरतेय.”

मला कळलंच नाही, मला का सांगतोय.

“बंडलात जेवढी होती तेवढी भिंतीत गेलेली दिसत नाही. बाहेर कोण कोण जातं? तूच जातेस सारखी, पोराचं निमित्त करून.”

तार भिंतीतच होती. दिवाणजीचं टेबल आधी खिडकीपाशी होतं. तिथपर्यंत तार ओढून झाली, वरून गिलावाही झाला. मग त्याला तिथं झळा लागायला लागल्या. टेबल समोरच्या भिंतीला हलवलं. तिथपर्यंत नवी तार ओढली, जुनी गिलाव्यात तशीच राहिली. हे चाचाला माहीत. मला माहीत. दिवाणजीलाही माहीत असणार, टेबल त्याचंच.

मी म्हणाले, “साहेब, तार भिंतीत हाय. चाचाला इचारा.”

चाचा शिडीवर होता. दिवाणजीनं त्याच्याकडं बघितलं. चाचानं तोंडातला स्क्रू काढला आणि शिडीच्या पायरीकडं बघत राहिला.

“ओचा सोडून दाखव.”

दोन कारकून होते. पाणी ओतणारा गडी होता. सुताचे गठ्ठे रचणारे हमाल होते. सगळ्यांची कामं थांबली. कुणी हसलं नाही, खोटं कशाला सांगू. पण कुणी मान फिरवली नाही.

मी काचेतून बघितलं. सावली आता झोळीच्या पलीकडं गेली होती. झोळी हलायची थांबली होती.

मी कमरेला खोचलेला ओचा सोडला. बिब्ब्याची डबी पडली, दाताला लावायच्या मिश्रीची पुडी पडली.

“झटक.”

लुगडं झटकलं.

“पदर.”

पदर खाली घेतला. पोलक्यावर दुधाचे दोन ओले डाग पडले होते. तो त्या डागांकडं बघत राहिला. मी दिवसाढवळ्या, बापये माणसांच्या घोळक्यात, तशी उभी. त्याचं बोट बटणावर. हा एवढा मोठा माणूस, त्याला नुसतं बोट खाली दाबायचं होतं.

मग घर्रर्र झालं.

मी पळाले. पोराचं अंग तव्यासारखं तापलेलं. ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले. भिंतीच्या आडोशाला बसले, तोंडात स्तन दिला. ओढेचना. बोटानं दूध ओठांवर पिळलं, तेव्हा जीभ हलली. मग हळूहळू प्यायला लागलं. मला रडू आलं नाही. मी अजून पदर नीट घेतला नव्हता, हेही माझ्या लक्षात नव्हतं. लक्षात आलं तेव्हा पदर ओढून घेतला. त्या उन्हात दात वाजायला लागले.

थोड्या वेळानं चाचानं आतून हाक मारली. “आ जा बेटी, तार खेंचनी है.”

बेटी. नेहमी तेच म्हणायचा. सणाला शिरखुर्मा आणायचा माझ्यासाठी.

मी पोराला कडेवर घेऊन दारापाशी गेले. दार उघडं होतं, चाचा पाय लावून उभा होता. आतून दिवाणजी म्हणाला, “पोराला बाहेरच ठेव. आणि ऐक, इथून पुढं बाहेर जाताना दर वेळी अशीच झडती. नियम म्हणजे नियम.”

उंबऱ्यावर माझा पाय थांबला. पुढं जाईना. मी विचार केला, ठरवलं, असं काही झालं नाही. पायच गेला नाही.

“मी आत येणार न्हाय,” मी म्हणाले.

“काय?”

“आत येणार न्हाय. आन झडती बी देणार न्हाय.”

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. लहान होता. मोठ्यानं ओरडावं असं बळ नव्हतं अंगात. पण शब्द नीट आले.

दिवाणजीला राग आला नाही. तो खूश झाला. कारकुनांकडं वळून म्हणाला, “बघा. मघाशी दिली, आता का देत नाही? म्हणजे मधल्या वेळात काहीतरी आहे.” मग माझ्याकडं बघून, “चोर नाहीस तर घाबरतेस कशाला? तुमच्या लोकांचं हे असंच.”

याला काय उत्तर द्यायचं? दाखवलं तर अब्रू गेली. न दाखवलं तर चोर. दोन्हीकडून दार बंद आणि बटण त्याच्याच टेबलावर. मी चाचाकडं बघितलं. त्याचा पाय अजून दाराला लावलेला होता. हळू आवाजात म्हणाला, “चुप रह बेटी. माफी माँग ले. काम पुरा होने दे.”

मी पोराला घट्ट धरलं आणि अंगणातून चालायला लागले. मागं दार लागल्याचा आवाज आला.

आठवडाभर पोराला ताप होता. सरकारी दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, जगलं.

नवरा गिरणीत बदली कामगार होता. कधी काम मिळायचं, कधी नाही. त्याला बाजारातच कळलं होतं. घरी आला, भाकरी खाल्ली, हात धुतले. वाईट माणूस नव्हता. मला मारायचा नाही. तो म्हणाला, “एकदा दाकवलं हुतंस. आनखी एकदा दाकवायला काय झालं असतं?”

हा घाव दिवाणजीच्या घावापेक्षा खोल गेला. मी म्हणाले, “एकदा दाकवलं, त्येच इसरता येईना मला.”

तो अंथरूण घालायला उठला. मी पोराच्या कपाळावर ओली चिंधी ठेवली.

रहीमचाचा एका संध्याकाळी वस्तीत आला. आमच्या दारात उभा राहिला. पोरासाठी ग्लुकोजचा डबा आणला होता. म्हणाला, “बेटी, तार कम नव्हती. जुनी भिंतीत राहिली, मला मालूम होतं.”

“मला बी ठावं हुतं, चाचा.”

“मी बोललो असतो तर पुढची तीन दारं दुसऱ्याला गेली असती. घरात पोरीची शादी आहे.”

“मग तितं बोलला न्हाईसा, ते हितं कशाला सांगताय?”

डोळे भरून आले त्याचे. मला त्याची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचा राग आला. त्याला त्याच्या पोरीचं लग्न होतं. मला माझं पोरगं होतं. दिवाणजीला हे दोन्ही माहीत होतं, म्हणून तर बोट नुसतं ठेवून बसता येत होतं त्याला.

डबा मी घेतला. पोराला हवा होता. चाचाकडं परत कामाला गेले नाही आणि त्यानंही बोलावलं नाही.

पेढीची बाकीची दारं बसवून झाली. सगळी खटक्याची. वस्तीतल्या दुसऱ्या एका बाईला माझ्या जागी घेतलं. ती झडती देते, हे तिनंच मला पाण्याच्या नळावर सांगितलं, मान खाली घालून. मी तिला दोष दिला नाही. तिला तीन लेकरं.

मी मजुरांच्या अड्ड्यावर जाऊन उभी राहायला लागले. सकाळी मुकादम येतात, बाया-बापये निवडून नेतात. माझी गोष्ट माझ्याआधी तिथं पोचली होती. एक मुकादम, सिव्हिल कामाचा, माझ्यासमोर थांबला. पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं.

“झडती न देनारी ती तूच न्हवं?”

आजूबाजूच्या बाया वळून बघायला लागल्या. खोटं बोलता आलं असतं. घरात पीठ संपलं होतं.

“व्हय. मीच.”

“आमच्या हितं लोखंडाचं काम हाय. संध्याकाळी गेटवर बगत्यात. देशील का?”

“बाईमाणूस बगत आसंल, आन सगळ्यांचीच बगत आसंल, तुमची बी, तर देईन. न्हायतर न्हाय.”

तो हसला. माझ्या शेजारच्या दोघींना घेऊन गेला. सूर्य वर आला, अड्डा रिकामा झाला. मी एकटी राहिले, कडेवर पोरगं.

मला तेव्हा कुणी नेलं नाही आणि नंतरही पुष्कळ दिवस नेलं नाही. आम्ही उपाशी झोपलो. ते सोसलं म्हणून मी कुणी मोठी झाले नाही. दिवाणजी त्याच खुर्चीत म्हातारा झाला. त्याला कुणी काही विचारलं नाही.

पण त्या दिवशी अड्ड्यावर एक गोष्ट मला स्वच्छ कळली. ओचा सोडला तो माझ्या हातांनी. त्यानं मला हातही लावला नव्हता. ही माणसं आपल्याला हात लावत नाहीत, आपलेच हात आपल्यावर चालवतात. माझे हात मी आता त्यांना देणार नाही. उपाशी ठेवा, चोर म्हणा, पोलिसांत द्या. माझ्या हातांनी माझा पदर परत खाली येणार नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी परत अड्ड्यावर जाऊन उभी राहिले. सगळ्यात पुढं.