धोट्यावरची शपथ

निजामपुऱ्यातल्या आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये कोणी बोलत नाही. एवढे लूम खडखडत असताना बोलून करणार काय? सगळं हातानं. ओठांवर दोन बोटं ठेवली की समजायचं, चल, विडी ओढायला. समोरच्या लूमवरचा माझा जोडीदार, माझ्यासारखाच पडघ्याकडचा, वीस वर्षं मला ही खूण करत आला.

अँजिओप्लास्टीही आम्हा दोघांची चार महिन्यांच्या अंतरानं झाली. डॉक्टर म्हणाले, विडी बंद. कशी बंद करायची, ते आम्ही विचारलं नाही. आम्हाला एकच उपाय ठाऊक, शपथ. त्यातही लूमवर सूत नेणाऱ्या धोट्यावर हात ठेवून घेतलेली आमच्यात कोणी मोडत नाही, पोटच त्याच्यावर चालतं. जोडीदार म्हणाला, "सोताच्या जिवाची शपथ आपण मोडतो. तू माझ्या जिवाची घे, मी तुझ्या जिवाची घेतो." मला ते फार शहाणपणाचं वाटलं. गाढव होतो मी.

अठरा दिवस निभावले. मग एका दुपारी लाइट गेली, सगळे लूम एकदम थांबले आणि ती शांतता मला सोसवेना. शेडमागे जाऊन विडी ओढली. अर्धीच, पण ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी जोडीदार ड्युटीवर आलाच नाही. पडघ्याच्या स्टॉपवर बसची वाट बघता बघता तो गेला होता.

मयतीला वहिनींकडे बघायची हिंमत झाली नाही. कामावर आलो तर त्याचा लूम बंद, आणि त्याच्या मागे, उडणाऱ्या कापसात, ओठांवर टेकलेली दोन बोटं. नुसती बोटं. रोज चहाच्या वेळेला दिसायची. मी भ्यायचो आणि जाऊन विडी ओढायचो. आता कोणाचा जीव जायचा राहिला होता?

तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या सल्ला देणाऱ्या बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत.

"काका, शपथ मोडून कोणी मरत नाही, विडीनं मरतं. आणि शपथेनं तलफ जात नाही. डॉक्टरांना विचारून घ्यायचं निकोटिनचं च्युइंगम असतं, गोळ्या असतात, फोनवर फुकट सल्ला मिळतो. तुमच्या फाइलमध्ये विडी कशी सोडायची त्याचा पिवळा कागद दिला होता की."

फाइल उघडली. होता. त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती.

परवा वहिनींनी बोलावलं. "भाऊजी, ही ह्यांची डब्याची पिशवी तुम्हीच न्या. घरात बघवत न्हाय."

पिशवीत तळाशी तसाच पिवळा कागद होता, पुडीसारखा वळलेला. आत अर्धी ओढून विझवलेली विडी. म्हणजे त्यानंही माझ्या जिवाची शपथ मोडून ओढली होती, आणि मी जिवंत होतो. मला हायसं वाटलं, आणि मग स्वतःचीच किळस आली.

आज चहाच्या वेळेला बोटं दिसली. मी तोंडातलं च्युइंगम गालात सारलं, त्याचाच कागद उलगडला आणि बंद लूमकडे बघत पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचला. खडखडाटात माझं मलाच ऐकू आलं नाही. शेवटची ओळ संपली तेव्हा बोटं हळूच खाली आली.