वळणावरचा खांब

आमच्या हवालदाराला अख्खं गाव खांब म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, आणि त्याला राग यायचा नाही. शाळेच्या वळणावर एकदा उभा राहिला की हलायचं नाव नाही. नाकावर माशी बसली तरी हात वर जायचा नाही. माझं पंक्चरचं दुकान त्याच वळणावर, त्यामुळे त्याची सगळी नोकरी मी स्टुलावर बसून पाहिली. "अरे, टेक की जरा," मी म्हणायचो. "तुझा धंदा बसून आहे शेठ, माझा उभा," तो म्हणायचा. शेठ म्हणे. माझी नखं काळी ती काळीच.

त्या वळणाचा त्याला ध्यास लागला होता, आणि कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं घर रस्त्याच्या पलीकडे, आणि त्याच्या बायकोला ऐकू येत नव्हतं. लहानपणी तापात कान गेलेले. आमचे ड्रायव्हर म्हणजे हॉर्न दाबला की आपण सुटलो असं समजणारे. वहिनींना हॉर्न काय आणि शांतता काय, सारखंच. रोज दुपारी त्या डबा घेऊन यायच्या. रस्त्याकडे बघायच्याच नाहीत. पलीकडे थांबून नवऱ्याकडे बघायच्या. त्याने दोन्ही बाजू पाहून मान हलवली की सरळ चालत यायच्या, घरातल्या घरात चालल्यासारख्या. मी दर वेळी हातातलं काम टाकून बघत राहायचो. एकदा मी बोललोच, "बाबा, त्यांना रस्ता बघायला शिकव." तो हसला. "शिकवलं ना. खुणेने सांगते, तू आहेस की."

पोलिसांनी काय कमी उपाय केले? पाट्या लावल्या, त्या कोणी वाचल्या नाहीत. दंड सुरू केला, तर लोक दिव्यांची उघडझाप करून एकमेकांना सावध करायला लागले. वेग मोजायचं यंत्र आलं, बिघडलं, ते अजून दुरुस्त होतंय. शेवटी साहेबांच्या डोक्यातून पुतळा निघाला. बंद पडलेल्या कापडदुकानाच्या काचेमागे उभा असायचा, तोच. त्याला खांबाचा जुना गणवेश चढवला, टोपी घातली आणि वळणावर रोवला. खिशाचं बटण तुटलेलं होतं, ते वहिनींनी लावून दिलं. खाकी दोरा संपला होता म्हणून पांढऱ्या दोऱ्याने. लोकांनी पुतळ्याचं नाव जावईबापू ठेवलं. काम ना धाम, इस्त्रीचे कपडे घालून नुसतं उभं राहायचं.

थोडे दिवस गाड्या दबकून गेल्या. मग सगळ्यांची भीड चेपली. टेम्पोवाल्यांनी तर त्याचा खेळच केला. अगदी कडेने सुसाट जायचं आणि वाऱ्याने जावईबापूंची टोपी उडवायची. ज्याने उडवली त्याला पुढच्या नाक्यावर शाबासकी. माणसं आहेत की कोण?

तेव्हा खांबाने शक्कल लढवली. अधूनमधून पुतळा माझ्या दुकानात ठेवायचा आणि त्याच्या जागी स्वतः उभा राहायचा. तसाच, हात बाजूला, नजर समोर. कोणी भरधाव आला की पुतळ्याच्या तोंडून शिट्टी. एका मास्तरांची अशी पाचावर धारण बसली की ते मोटारसायकल ढकलत घरी गेले. आम्ही पोट धरून हसलो. "आज कोण उभा आहे हे कळता कामा नये," खांब म्हणायचा. "शंका राहिली की पाय ब्रेकवर राहतो." आणि खरोखर बऱ्याच गाड्या हळू झाल्या. स्वारी खुशीत होती. त्या दिवसांत हा जिवंत पुतळा एरवी हलायचा नाही. फक्त वहिनी समोर आल्या की डोळे इकडून तिकडे फिरायचे आणि हनुवटी जराशी खाली जायची.

त्या दुपारी खरा पुतळा माझ्या दुकानात होता. मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होतो. वहिनी पलीकडे आल्या, खांबाने मान हलवली, त्या निघाल्या. अर्ध्याहून पुढे आल्या असतील, तेवढ्यात वळणाआडून भाजीचा टेम्पो आला. आमच्या बाजूने, अगदी कडेने. टोपी उडवायला आला होता तो. वहिनींची नजर नवऱ्यावर, आणि हाक मारून उपयोग नव्हता. मी तरी ओरडलो. खांब मागे सरकला असता तर वाचला असता, मागे भरपूर जागा होती. पण 'ये' म्हणून त्यानेच सांगितलं होतं. हात वर करून तो टेम्पोच्या समोर गेला.

ड्रायव्हर रस्त्यावर बसून एकच बडबडत होता, "मला वाटलं पुतळाय हो. पुतळ्याने हात कसा वर केला?" मी त्याची गचांडी धरली होती, मारायला हात उचलला होता. मग वहिनी दिसल्या. टेम्पोपासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. डबा दोन्ही हातांनी सरळ धरलेला, सांडू नये म्हणून. मी गचांडी सोडली.

साहेबांनी पुतळा पुन्हा जागेवर उभा केला. आता त्याच्यासमोरून गाड्या पायी चालल्यासारख्या जातात. वेगाने जायची कोणाची छातीच होत नाही. मला चीड येते. एवढी अक्कल यायला खांबाचा जीव जावा लागला.

परवा वहिनी आल्या. हातात डब्याची पिशवी, रिकामी. पलीकडे थांबल्या आणि पुतळ्याकडे बघत राहिल्या. गाड्या थांबल्या, ड्रायव्हर हाताने "या, या" करत होते. त्यांचं लक्षच नव्हतं. मागे रांग लागली, तरी त्या हलेनात. मला बघवेना. मी उठलो, पुतळ्याशेजारी जाऊन उभा राहिलो आणि मान हलवली. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग आल्या.

आल्या आणि पुतळ्याच्या सदऱ्याची बटणं काढायला लागल्या. खांबाच्या अंगावरचा गणवेश दवाखान्यात कापून काढला होता, हा एवढाच उरला होता. पांढऱ्या दोऱ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, सदरा नीट घडी करून पिशवीत घातला आणि रस्त्याच्या कडेला गेल्या. तिथे थांबल्या, आणि रस्त्याकडे न बघता मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

मी दोन्ही बाजू पाहिल्या. सगळं थांबलेलं होतं. तरी पुन्हा पाहिल्या. मग मान हलवली.