तिजानीची वाकडी खजुरी

केरकेन्ना बेटांवर जमिनीवरून कुणी भांडत नाही. मुठीत धरली तर नुसती वाळू. भांडणं होतात ती समुद्रावरून. लांबवर कमरेएवढंच पाणी, आणि त्याच्या वाटण्या शेतासारख्या बापाकडून मुलाकडे येतात. बांध नाही, कुंपण नाही. होडीतून मशिदीचा मिनार आणि किनाऱ्यावरची वाकडी खजुरी एका रेषेत दिसली, की तिथून तिजानीचा समुद्र. त्याच्या शेजारी सास्सीचा.

तिजानी साठी उलटलेला, तोंडाचा फटकळ. वादळ होऊन गेल्यावर तो ऑक्टोपस धरायची मडकी सोडायला गेला, तर त्याच्या हद्दीत सास्सीची मडकी! तसाच माघारी फिरून तो कॉफीच्या दुकानात शिरला. सास्सी डॉमिनो खेळत होता.

"काय रे, माझं पाणी जास्त गोड लागतं का तुला?" तिजानी ओरडला. "बापही तुझा असाच चोर होता!"

सास्सीचा बाप जाऊन वर्षही झालं नव्हतं. सास्सी काही न बोलता उठला आणि आपली मडकी काढून घेऊन गेला. तिजानीने तिथे स्वतःची सोडली, चांगला हात मारला, आणि सास्सीला कसा सरळ केला ते गावभर सांगत फिरला.

मोसम संपत आला तेव्हा त्याची बायको सालिहा झावळ्या गोळा करून आली.

"अहो, तुमची ती वाकडी खजुरी वादळात पडलीय की! निम्मी वाळूत गेलीय."

"काहीतरीच! होडीतून रोज बघतो मी."

"ती पलीकडची. ती पण वाकलीय आता."

तिजानी धावत गेला. खजुरी खरंच आडवी होती. म्हणजे भलतंच झाड धरून तो इतके दिवस सास्सीच्याच समुद्रात हात मारत होता. मेलेल्या माणसाला चोर म्हणालो, आणि चोर मीच! त्याला स्वतःची किळस आली.

सास्सीच्या दारात त्याला मान वर करवेना. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू माझ्या बापाला चोर म्हणालास. तोंड उघडलं असतं तर हातही उठला असता. माझी माफी मागायचं राहू दे, तिजानी. बोललास चारचौघांत, तिथंच मागे घे."

दुसऱ्या दिवशी तिजानी भर दुकानात उभा राहिला. "पाणी सास्सीचं होतं. चोर मी. त्याचा बाप सज्जन माणूस होता."

तिजानीने सास्सीला शोधलं, तो दिसेना.

"तो समुद्रावर गेलाय," दुकानदार म्हणाला. "तुझी मडकी उचलून तुझ्या हद्दीत लावतोय. म्हणाला, खजुरी नाही, तिजानीला जागा सापडायची नाही."

तिजानीला वाटलं, सास्सीने चारचौघांत थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं.