उन्हामागे सरकणारी खुर्ची

शेजाऱ्यांच्या पोरीला मी नर्सिंगला जाऊ नकोस असं सांगितलं, आणि ती खरंच गेली नाही. "कशातच मन नाही लागत, काका," असं ती म्हणाली होती. मी म्हटलं, मग आवड सापडेपर्यंत थांब. मी स्वतः बापाच्या स्टेशनरीच्या दुकानात जांभया देत बसतो, पण असले सल्ले मला छान जमतात.

तिचे वडील भरवेलीच्या खाणीत, जमिनीखाली काम करतात. सुट्टीच्या दिवशी ते अंगणात खुर्ची टाकतात आणि ऊन सरकेल तशी ती सरकवत दिवसभर बसून राहतात. बोलण्याआधी घसा खाकरतात, आणि पुष्कळदा नुसतं खाकरून बोलायचं सोडून देतात.

प्रवेशाची मुदत टळली. पोर रिकामी घरी बसली, म्हणून बिरसा गावाकडचं स्थळ जवळजवळ पक्कं झालं. ते कळल्यावर मी धीर करून तिच्या वडिलांकडे गेलो. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. आतून दुसरी खुर्ची आणून माझ्यासाठी उन्हात ठेवली. ते मला जास्त लागलं.

"लग्नाची एवढी घाई काहून करता? तिले काय आवडते ते तं इचारा," मी म्हणालो.

ते खाकरले. "मले ऊन आवडते. त्याची नोकरी कोन देते?"

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला. मी मात्र थांबलो नाही. एखाद्याला आवड उशिरा सापडते, वगैरे पुन्हा सुरू केलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाऊ, तुमाले बोलाची आवड हाय. मले ते परवडत नाही."