कारण: घरचं भांडण

दुपारी शेंगा फोडता फोडता माझा डोळा लागतोय, अजून पुरता लागलेला नाही. ओसरीवर कुणीतरी बूट काढतंय. बघते तर आमचे हवालदार! फौजेतला, तीन वर्षांपूर्वी झोपेतच गेलेला माझा नवरा.

"कौशे, पाणी दे गं."

"पाणी? आधी उत्तर द्या," मी फणकारते. "डॉक्टरांच्या बोर्डापुढं काय सांगितलंत? सीमेवरनं आल्यापास्नं झोपेत किंचाळत होता, ताट पडलं तरी खाटेखाली घुसत होता. आणि कागदावर लिहिलंय, आजाराचं कारण घरचं भांडण! लढाईशी संबंध नाही म्हणून अपंगत्वाची पेन्शन नामंजूर. परवा अपिलाची सुनावणी आहे माझी."

ते मान खाली घालतात. ओसरी आता बोर्डाची खोली झालीय. टेबलामागं तीन साहेब, आणि फरशीवर घोटाभर बर्फ.

"साहेबांनी विचारलं, झोप का लागत नाही? वर्दीत उभा होतो मी. भीती वाटते असं कसं म्हणणार? म्हटलं, बायकोशी पटत नाही. सगळेच तसं सांगायचे."

"वा रे मर्दा! तुमची अब्रू राहिली, आणि मी झाले नवऱ्याला वेडं करणारी कैदाशीण! तुमच्या आईनं मरेपर्यंत तेच ऐकवलं मला."

मी त्यांच्या छातीवर बुक्क्या मारते. छाती गारठलेली लागते. मग टेबलाकडं वळते.

"आणि तुम्ही हो? वर्षभर बर्फात बसवलेल्या माणसाला एवढंच विचारलंत? तळपट होईल तुमचं!"

साहेब खाली बघून शिक्के मारत राहतात.

"शिव्यांनी नाही हलायचे ते," हवालदार म्हणतात. "साक्षीदार लागतो. बंकर कोसळला तेव्हा माझ्यासंगं एक जण जिता राहिला. दोन दिवस आम्ही पलटणीतल्या मेलेल्या पोरांना टेकून बसलो होतो."

"मला कधी बोलला नाहीत."

"आता बोलतोय ना."

"नाव सांगा त्याचं."

बर्फ गुडघ्यापर्यंत येतं. त्यांचे ओठ हलतात, पण आवाज फुटत नाही. मी हात पुढं करते.

"लिहा. या खेपेला खरं लिहा."

"चुकलं गं माझं," एवढंच ऐकू येतं.

मी दचकून उठते. सूप कलंडलंय, शेंगा सांडल्यात. डाव्या तळव्यावर निळ्या शाईत, त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय: यशवंत खताळ, पिंपरी बुद्रुक. उभ्या जन्मात हे नाव मी ऐकलेलं नाही.

पिंपरीची साडेतीनची एसटी आहे. तोंडसुद्धा न धुता मी चप्पल घालते. परवा हा खताळ बोलेल, आणि मी समोर उभी राहून एकेका साहेबाचं तोंड बघीन.