विहिरीतला जबडा

फटाक्यांच्या दारूचा वास आला की मला दिंडोरीजवळच्या आमच्या मळ्यातलं विहिरीचं खोदकाम आठवतं. माझं नुकतंच लग्न झालं होतं. सुरुंग उडाल्यावर एक मजूर खाली उतरला आणि कडेची माती ढासळून त्याचा पाय चेचला. त्याला वर काढलं, आणि पाठोपाठ त्याच मातीतून निघालेला हातभर लांबीचा जबडाही वर आला. त्याच्या दाढा मुठीएवढ्या होत्या. “राक्षस हाय ह्यो! ह्यानंच धरलं माझ्या भावाला!” मजुराचा थोरला भाऊ ओरडला आणि त्यानं घण उचलला. माझी नणंद कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होती. “दादा, थांबा! जुन्या काळच्या हत्तीचं हाड आहे ते, दगड झालाय त्याचा,” म्हणत तिनं जबड्यावर हात ठेवला, तोवर घण खाली आला होता. हाडाचे तुकडे आणि रक्त माझ्या साडीवर उडालं. तिची दोन बोटं गेली. लोकांनी मात्र उरलेला जबडा फोडून त्याचा पार चुरा केला. आता गावात सांगतात, त्या विहिरीतल्या राक्षसानं एका पोरीची बोटं चावून तोडली. नणंद ऐकून घेते. सगळ्यात रंगवून सांगतो तो घण मारणाराच. परवा सांगताना त्याचे डोळे भरून आले होते.